रद्दीतून पॅकिंगचा कागद : खोक्याची ताकद नेमकी कुठे ठरते?

लगदा_विभाग (धागाकर्ता)

'रिसायकल कागद म्हणजे कच्चा कागद' हे वाक्य पॅकिंगच्या धंद्यात सतत कानावर पडतं. मी कागद गिरणीच्या पल्प विभागात काम करतो आणि मला ते अर्धवट वाटतं. रद्दीपासून केलेला तपकिरी कागद भक्कम निघू शकतो, तसाच कच्चाही निघू शकतो. कोणता निघणार, हे बरंचसं मशीनवर माल चढण्याआधीच, रद्दी गोळा होताना ठरून गेलेलं असतं. ते कसं, हे सांगायला हा धागा. लांबला आहे, पण भाग पाडले असते तर दुवा तुटला असता.

आधी तंतू. कागद धरून ठेवायला मुळात गोंद लागत नाही. लाकडातले सेल्युलोजचे तंतू पाण्यात फुगतात, मऊ होतात, एकमेकांना बिलगतात. पाणी निघून गेलं की त्यांच्यात हायड्रोजन बंध तयार होतात. पुन्हा पाणी घातलं की हे बंध सुटतात. कागदाचा पुनर्वापर शक्य होतो तो या एका गुणामुळे.

पण सगळे तंतू सारखे नसतात. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडाचा तंतू साधारण ३ मिलिमीटर लांब, निलगिरीसारख्या झाडाचा १ मिलिमीटरच्या आसपास. जुन्या खोक्यांत लांब तंतू बऱ्यापैकी असतो, म्हणून आमच्यासाठी ती सगळ्यात मोलाची रद्दी. वर्तमानपत्राचा तंतू लाकूड यंत्रात घासून काढलेला असतो. तो आखूड, ताठ आणि बंध धरायला आळशी. ऑफिसचा पांढरा कागद दिसायला उत्तम, पण त्यात वजनाच्या मानाने बराच भाग कॅल्शियम कार्बोनेटच्या भुकटीचा असतो, आणि भुकटीने ताकद येत नाही. म्हणजे नुसतं 'एक टन रद्दी' म्हटलं तर त्यातून काही कळत नाही. कसली रद्दी, हे विचारावं लागतं.

दुसरी गोष्ट : तंतू जेव्हा जेव्हा वाळतो, तेव्हा त्याच्या भिंतीतली सूक्ष्म छिद्रं मिटतात आणि परत भिजवल्यावर ती पूर्वीइतकी उघडत नाहीत. तंतू ताठर होतो, कमी फुगतो, शेजाऱ्याला कमी चिकटतो. शिवाय प्रत्येक फेरीत थोडा तुटतो आणि बारीक चुरा पाण्याबरोबर निघून जातो. '५ ते ७ वेळा वापरता येतो' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. अंदाज म्हणून ठीक आहे. प्रत्यक्षात एकाच गठ्ठ्यात पहिल्या फेरीचा आणि पाचव्या फेरीचा तंतू शेजारी शेजारी असतात. जगात कुठेतरी ताज्या लाकडाचा तंतू या चक्रात सतत यावाच लागतो, नाहीतर चक्र बंद पडेल.

आता गिरणीत काय होतं ते. गठ्ठे पट्ट्यावरून पल्परमध्ये पडतात. पल्पर म्हणजे तळाशी फिरणारं पातं असलेला प्रचंड मिक्सर. फरक इतकाच की इथे कापायचं नसतं, भिजवून सोडवायचं असतं. आमच्याकडे पाण्यात साधारण ४-५ टक्के रद्दी ठेवतो. खालच्या भोकांच्या चाळणीतून सुटा झालेला लगदा निघतो. प्लास्टिक, पट्ट्या, तारा आत राहतात. त्या काढायची पद्धत बघण्यासारखी आहे. एक दोर कायम पल्परमध्ये सोडलेला असतो. फिरत्या पाण्यात तारा, सुतळ्या, प्लास्टिकच्या चिंध्या त्याच्याभोवती गुंडाळल्या जातात आणि दोर आपोआप जाड होत जातो. यंत्र तो हळूहळू वर ओढून घेतं आणि बाहेर तोडतात. नवीन माणूस आला की मी त्याला आधी हा दोर दाखवतो. लोकांनी रद्दीत काय काय टाकलं, ते त्यात वाचता येतं : टेप, चपलेचा पट्टा, कापड, केबल.

पुढे वजनाप्रमाणे सफाई. क्लीनरच्या शंकूत लगदा भोवऱ्यासारखा फिरवला की वाळू, काच, स्टेपलच्या पिना बाहेरच्या बाजूला जाऊन खाली पडतात. मग आकाराप्रमाणे सफाई : आधी भोकांची चाळणी, शेवटी बारीक खाचांची. या खाचा ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर रुंद. तंतू त्याहून कितीतरी लांब असला तरी बारीक आणि लवचीक असल्यामुळे आडवा-उभा होऊन निघतो, कचरा अडतो.

अडत नाही ती चिकटी. आम्ही 'स्टिकीज' म्हणतो. टेपवरचा गोंद, स्टिकरचा गोंद, खोकं बंद करायला वापरलेला गरम गोंद. गरम पाण्यात तो मऊ होतो, दाबाखाली आकार बदलतो आणि खाचेतून पलीकडे जातो. पुढे मशीनच्या जाळीवर, फेल्टवर (ओला कागद वाहून नेणारं जाड कापड), ड्रायरवर बसतो. जिथे बसला तिथे कागदाला भोक, नाहीतर कागदच तुटतो. मशीन थांबलं की वाफ, वीज, माल, माणसांची मेहनत, सगळं वाया. काही ठिकाणी लगदा ९० अंशांच्या वर तापवून घुसळतात, म्हणजे चिकटीचे कण इतके बारीक होतात की त्रास देत नाहीत. टाल्कची पूड घालून त्यांचा चिकटपणा मारतात. हे सगळे उपाय आहेत. खरी सुटका म्हणजे गोंद रद्दीत कमी येणं.

मग लगद्याचे लांब आणि आखूड असे दोन प्रवाह करतात. लांब तंतू रिफायनरमध्ये जातो. तिथे पात्यांमध्ये तो चेचला जातो, पृष्ठभागावर केस उठतात, जास्त बंध धरतो. पण इथे फार मोह धरून चालत नाही. जितकं रिफायनिंग जास्त, तितकं पाणी सुटायला वेळ जास्त, म्हणजे मशीनचा वेग कमी. रद्दीचा तंतू आधीच एकदा चेचलेला असतो, त्यामुळे तो लवकर चिखल होतो. या टप्प्यावर हात कुठे आवरायचा हे कळणाऱ्या माणसाला गिरणीत फार मान असतो आणि तो योग्यच आहे.

मशीनवर जाताना लगदा इतका पातळ करतात की शंभर किलोत एक किलो तंतू. तो जाळीवर पसरतो. हिशोब बघा : सुरुवातीला १ किलो तंतूबरोबर ९९ किलो पाणी. जाळी संपेपर्यंत घनभाग २० टक्के, म्हणजे पाणी उरलं ४ किलो. प्रेसच्या रोलमधून पिळून निघाल्यावर घनभाग ४५ टक्के धरला तर पाणी उरलं सव्वा किलोच्या आत. हे शेवटचं सव्वा किलो वाफेच्या सिलिंडरवर वाळवायचं आणि ६-७ टक्के ओलावा ठेवायचा. ९९ पैकी ९५ किलो पाणी जाळीवरच जातं, आणि शेवटच्या एवढ्याशा पाण्याला गिरणीची बहुतेक उष्णता लागते. म्हणून प्रेसमधून एक टक्का जास्त कोरडा कागद मिळाला की आम्हाला आनंद होतो.

त्यानंतर साइझ प्रेस : वाळलेल्या कागदाला दोन्ही बाजूंनी स्टार्चचं द्रावण पाजतात आणि पुन्हा वाळवतात. रद्दीच्या तंतूने गमावलेली बरीचशी ताकद इथे परत मिळते. मग रील, रिवाइंडर, हव्या त्या रुंदीचे रोल.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

---

पानगळ

सुंदर धागा! दोराबद्दल पहिल्यांदाच वाचलं. वाचनखूण साठवली.

---

नाली_आणि_लायनर

मी खोकी डिझाइन करते, म्हणजे तुमचा कागद माझ्याकडे येतो. एक मुद्दा जोडते, कारण 'कच्चा कागद' ही तक्रार बऱ्याचदा चुकीच्या मापावरून होते.

खरेदी करणारे जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आणि बीएफ एवढंच विचारतात. बीएफ म्हणजे कागद फोडायला लागणारा दाब गुणिले हजार, भागिले जीएसएम. १२० जीएसएमचा कागद २.४ किलो प्रति चौरस सेंटीमीटरला फुटला तर त्याचा बीएफ २०. मापात खोट नाही, पण ते फुटण्याचं माप आहे. खोकं गोदामात फुटत नाही, दबतं. वर रचलेल्या खोक्यांचं वजन खालच्याच्या भिंतींवर उभं येतं. त्यासाठी कागदाचा रिंग क्रश (कागदाची पट्टी गोल करून कडेवर दाबली तर ती किती सोसते) आणि तयार पुठ्ठ्याचा एज क्रश (पुठ्ठ्याचा तुकडा कडेवर उभा दाबला तर तो किती सोसतो) बघायला हवा. १९६३ मध्ये मॅकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेलं सूत्र आम्ही अजून वापरतो : खोक्याची दाब सोसण्याची ताकद एज क्रशच्या सरळ प्रमाणात वाढते, पण पुठ्ठ्याच्या जाडीच्या आणि खोक्याच्या परिघाच्या फक्त वर्गमुळाच्या प्रमाणात. म्हणजे एज क्रश दुप्पट केला तर ताकद दुप्पट, जाडी दुप्पट केली तर सुमारे १.४ पट.

चांगला स्टार्च पाजलेला रद्दीचा कागद या मापात ताज्या कागदाच्या फार मागे नसतो. मागे पडतो तो फाटण्यात आणि ओलाव्यात. हवेत ९० टक्के आर्द्रता असेल तर कोरड्या हवेत मोजलेली खोक्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. ओझं महिनोन्महिने राहिलं तर त्याहून कमी वजनाला खोकं बसतं. त्यामुळे माल थंड आणि दमट गोदामात राहणार असेल तर मी बाहेरचा थर ताज्या क्राफ्टचा (थेट लाकडाच्या लगद्याच्या भक्कम कागदाचा) मागते आणि आतली नाली, म्हणजे पुठ्ठ्यातला मधला नागमोडी थर, रद्दीच्या कागदाची ठेवते. सगळीकडे ताजा तंतू ओतणं मला पटत नाही. जिथे गरज आहे तिथेच तो जावा.

---

लगदा_विभाग

ताई, हे लिहिलंत ते फार बरं झालं. बीएफच्या मागे लागून कागद जाड करत राहतात आणि दबण्याची तक्रार जिथल्या तिथे राहते.

---

शाईचा_थेंब

रद्दीवर एवढी छपाई असते, तिची शाई कुठे जाते? आणि रंग तपकिरीच कसा येतो?

---

लगदा_विभाग

पॅकिंगच्या तपकिरी कागदात शाई बहुतेक काढतच नाहीत. ती बारीक होऊन तंतूत राहते. म्हणून रंग मळकट, करडा येतो. मग तपकिरी रंग घालून एकसारखा करतात. ताज्या क्राफ्टचा तपकिरी हा लाकडातल्या लिग्निनचा (तंतूंना एकत्र धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा) स्वतःचा रंग असतो. रद्दीच्या कागदाचा तपकिरी पुष्कळदा घातलेला असतो. त्यामुळे रंगावरून ताकद ओळखायला जाऊ नका.

वर्तमानपत्राचा किंवा टिश्यूचा कागद करायचा असेल तेव्हा शाई काढतात. लगद्यात साबणासारखं रसायन घालून हवेचे बुडबुडे सोडतात, शाई बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येते, फेस काढून टाकतात. त्यात तंतूही जातो, म्हणून उतारा कमी पडतो. खोक्याला पांढरेपणाची गरज नाही, मग तो तोटा कशाला सोसायचा?

---

जुनी_पानं

अवांतर, पण विषयाला धरून : शाई काढून कागद परत करण्याची कल्पना बरीच जुनी आहे. गटिंगेनच्या युस्टुस क्लाप्रोट यांनी १७७४ मध्ये छापील कागदाची शाई धुऊन नवा कागद करण्यावर पुस्तिका लिहिली. लंडनमध्ये माथियास कूप्स यांनी १८०० च्या सुमारास त्याचं पेटंट घेतलं आणि गिरणीही काढली. त्या काळी युरोपात कागद चिंध्यांपासून होई आणि चिंध्यांची टंचाई होती. लाकडाचा लगदा पुढच्या काही दशकांत आला आणि ती निकड मागे पडली. पुनर्वापराची सुरुवात टंचाईतून झाली, हे लक्षात ठेवावंसं वाटतं.

---

सांडपाणी_सखा

पाण्यावर कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. मी शुद्धीकरण प्रकल्प सांभाळतो.

९९ टक्के पाणी म्हटल्यावर लोक घाबरतात, पण तेच पाणी फिरत असतं. जाळीतून पडलेलं पाणी पुन्हा लगदा पातळ करायला जातं. त्यातला चुरा हवेच्या बुडबुड्यांवर तरंगवून परत मिळवतात. प्रश्न असा की पाणी जितकं जास्त फिरवाल तितकं त्यात साचत जातं. जुन्या खोक्यांतला स्टार्च पाण्यात उतरतो. जिवाणू तो खातात आणि सेंद्रिय आम्लं तयार करतात. गिरणीला येणारा आंबूस वास तो हाच. आम्लामुळे कागदातलं कॅल्शियम कार्बोनेट विरघळतं, पाणी जड होतं, पुढे पाइपांत थर धरतं. ताजं पाणी अजिबात न घेणाऱ्या, पूर्ण बंद चक्राच्या गिरण्यांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो.

मला पटलेला मार्ग म्हणजे चक्राच्या मधेच शुद्धीकरण बसवणं. ऑक्सिजनशिवायच्या टाकीत जिवाणूंनी तेच आम्ल खाल्लं की मिथेन मिळतो, तो बॉयलरला जाळता येतो. ज्या स्टार्चने वास येत होता त्याचाच बायोगॅस. आणि जिवाणूंना स्टार्च खायला वेळच न देणं, हे आणखी चांगलं. साठवण टाक्यांत पाणी आणि लगदा पडून राहू देऊ नये.

---

उलटतपासणी

सगळं वाचलं, आवडलं. पण एक शंका प्रामाणिकपणे मांडतो. ताज्या क्राफ्ट गिरणीत लाकडातलं लिग्निन विरघळून जो काळा द्रव निघतो तो रिकव्हरी बॉयलरमध्ये जाळतात आणि वाफ-वीज जवळजवळ घरचीच होते. रद्दीच्या गिरणीला तसं इंधन नाही. ती कोळसा किंवा गॅस जाळते. मग पर्यावरणाच्या नावाने रद्दीचा कागद कायम वरचढ, हे कसं?

---

लगदा_विभाग

रास्त प्रश्न आहे. कायम वरचढ, असं मी म्हणणार नाही.

क्राफ्टमध्ये लाकडाच्या जेमतेम निम्म्या वजनाचा तंतू मिळतो, उरलेलं त्या काळ्या द्रवात जातं. रद्दीत साधारण ८५ ते ९० टक्के उतारा मिळतो. एकूण ऊर्जा रद्दीला बरीच कमी लागते, झाड तोडावं लागत नाही, आणि तोच कागद कचऱ्याच्या ढिगात कुजला तर मिथेन हवेत जातो, तोही टळतो. पण जी ऊर्जा लागते ती कोळशातून आली तर कार्बनचा हिशोब बिघडतो, हे तुमचं म्हणणं बरोबर. म्हणून रद्दीच्या गिरणीने दोन गोष्टी केल्याच पाहिजेत : प्रेसमधून पाणी जास्तीत जास्त पिळून काढणं, आणि वाफेसाठी बायोगॅस, शेतीचा टाकाऊ माल असं इंधन वापरणं. पल्परमधून निघालेलं प्लास्टिकही काही गिरण्या इंधन म्हणून जाळतात. मात्र त्याला योग्य भट्टी आणि धुराची नीट सफाई असल्याशिवाय ते करू नये.

---

घरची_वर्गवारी

आमच्या सोसायटीत कचरा वेगळा करायचं काम मी बघते. घरातून काय द्यावं, काय देऊ नये, हे एकदा स्पष्ट सांगाल का? टेप काढायची की नाही यावरून वाद होतात.

---

लगदा_विभाग

ताई, सगळ्यात पहिलं म्हणजे कोरडं ठेवा. टेपवरून वाद घालण्याआधी हे सांभाळा. भिजलेली रद्दी साठवणीत कुजते, तिच्यात बुरशी धरते, तंतू मरतो. वजनावर विकली जात असल्यामुळे पाण्याचे पैसे कुणीतरी भरतो आणि मग भावावरून सगळ्यांचाच विश्वास उडतो. ओल्या कचऱ्याच्या पिशवीत एकदा गेलेला कागद माझ्या दृष्टीने गेलाच.

टेप काढता आली तर जरूर काढा, विशेषतः प्लास्टिकची रुंद टेप आणि पत्त्याचं स्टिकर. राहिली तरी खोकं फेकू नका, टेपचं प्लास्टिक पल्परमध्ये वेगळं होतं. गोंदाचा त्रास वर लिहिलाच आहे. स्टेपलच्या पिनांची चिंता करू नका, त्या वजनाने खाली बसतात.

तेलकट झालेला भाग फाडून टाका, कोरडा भाग द्या. तेल तंतूवर बसलं की तिथे बंध होत नाही आणि कागदावर डाग उतरतात. मेणाचा हात दिलेली खोकी नकोत. दूध-रसाचे जे डबे असतात त्यांत साधारण तीन चतुर्थांश कागदच असतो आणि तोही उत्तम लांब तंतूचा, पण प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमच्या थरांमुळे तो सुटायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो. ते वेगळे गोळा होत असतील तरच त्यांचा उपयोग. खोक्यांत मिसळले तर कचऱ्याबरोबर बाहेर पडतात.

दुकानाची गुळगुळीत बिलं, जी उष्णतेने छापतात, ती कृपा करून रद्दीत घालू नका. त्यांच्या लेपात बिस्फेनॉलसारखी रसायनं असू शकतात आणि ती लगद्यातून पुढच्या कागदात जातात.

आणि जमलं तर खोकी वेगळी, वर्तमानपत्रं वेगळी, पांढरे कागद वेगळे असे तीन गठ्ठे करा. मिसळलेली रद्दी सगळ्यात हलक्या प्रतीची धरली जाते. वेगळी ठेवली तर त्याच कागदाला चांगला उपयोग मिळतो.

---

घरची_वर्गवारी

फार उपयोगी. हे असंच्या असं फलकावर लावते.

---

कोवळा_पालव

रद्दीच्या पुठ्ठ्यात खाण्याचे पदार्थ बांधणं सुरक्षित असतं का? लहान मुलांच्या खाऊचे डबे बघून विचारतेय.

---

नाली_आणि_लायनर

बाहेरचं वाहतुकीचं खोकं म्हणून चालतं. थेट स्पर्श होणार असेल, किंवा कोरडा पदार्थ अशा डब्यात महिनोन्महिने राहणार असेल, तर काळजी घ्यावी लागते. वर्तमानपत्राच्या शाईतलं खनिज तेल रद्दीच्या पुठ्ठ्यात येतं आणि वाफेच्या रूपात हळूहळू कोरड्या पदार्थात उतरतं. त्यासाठी पदार्थाने पुठ्ठ्याला टेकायचीही गरज नसते. आत साधी पॉलिथिनची पिशवी असली तर हे थोडं लांबतं, थांबत नाही. ॲल्युमिनियमचा किंवा पीईटीचा थर असेल तर अडतं. खाद्यपदार्थांसाठी मी ताज्या तंतूचा पुठ्ठा किंवा असा अडसर असलेली आतली पिशवी, यांपैकी एक धरतेच. छपाईच्या शाईतूनच खनिज तेल काढून टाकलं तर पुढच्या सगळ्या फेऱ्यांतला हा प्रश्न कमी होईल. शाई करणाऱ्यांकडे आग्रह धरायला हवा तो याचा.

---

पानगळ

शेवटचा प्रश्न : तंतू एका दिशेला असतात म्हणतात, ते साध्या डोळ्यांना कळतं का? आणि खोक्याला त्याने काय फरक पडतो?

---

लगदा_विभाग

जाळी वेगाने पुढे धावत असते, त्यामुळे बरेचसे तंतू मशीनच्या दिशेने लोळतात. कागदाचा चौकोन कापून एकाच बाजूने ओला करा. तंतू फुगताना लांबीत फारसा वाढत नाही, रुंदीत वाढतो. म्हणून कागदाची गुंडाळी होते आणि त्या गुंडाळीची नळी ज्या दिशेला लांब असते ती मशीनची दिशा. फाडूनही कळतं, त्या दिशेला फाट सरळ जाते.

---

नाली_आणि_लायनर

आणि खोक्याला फरक पडतो तो असा : पुठ्ठ्याच्या नाल्या मशीनच्या दिशेला आडव्या पडतात आणि खोक्यात त्या उभ्या येतात. म्हणजे वरचं सगळं ओझं कागदाच्या आडव्या, जास्त अशक्त दिशेने उतरतं. म्हणून रिंग क्रश मागवताना तो आडव्या दिशेचा आहे ना, हे आधी विचारा. आणि लगदा_विभाग, तुमच्या बाजूने हेडबॉक्समधून (जाळीवर लगदा सोडणाऱ्या पेटीतून) येणाऱ्या लगद्याचा आणि जाळीचा वेग जवळजवळ सारखा ठेवलात, तर तंतू एकाच दिशेला कमी लोळतील आणि रद्दी तीच असूनही माझं खोकं जास्त ओझं झेलेल.

---

लगदा_विभाग

तो फरक किती ठेवायचा यावर आमच्या मशीनवाल्यांशी बोलतो. फार सारखा केला तर तंतूंचे गठ्ठे होऊन कागद ढगाळ, म्हणजे कुठे दाट कुठे विरळ, पडतो, त्यामुळे मधला बिंदू शोधावा लागेल. तुमच्याकडचे आडव्या दिशेचे आकडे पाठवलेत तर सोपं जाईल.